विकीचा हाइट पास आणि माझा तीन शिफ्टचा बंदोबस्त

तरुण पोरांचं वजन का वाढतं, या विषयावर मी चार पत्रकं लिहिली आहेत आणि चारही आमच्या घरात भाकरीच्या डब्याखाली अंथरली जातात.

पहिल्या पत्रकाचं शीर्षक होतं 'दोष तुमचा नाही!' दुसऱ्याचं 'मग कोणाचा?' तिसऱ्यात मी सरळ नावं घेतली: दिवसाचे सहा गोड चहा, पाकिटातलं तेलकट खाणं, रात्रपाळीने मोडलेली झोप, सायकल विकून घेतलेली बाइक, आणि आडवं पडून अंगठ्याने सरकवायचा मोबाइल. चौथ्यात नवीन मुद्दा नव्हता, फक्त उद्गारचिन्हं जास्त होती. ही पत्रकं मी स्वतः भिलाईत सिविक सेंटरला वाटली, कुम्हारीच्या बसथांब्यावर वाटली, भिलाई-३च्या स्टेशनबाहेर वाटली. लोक घेतात. घडी घालतात. मग पलीकडच्या टपरीवर जाऊन त्याच घडीत भजी गुंडाळून घेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी मोहीम सोडली नाही. (अशा माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं, हे मला आता कळतं.)

माझा धाकटा भाऊ विकी, वय चोवीस, एका ठेकेदाराकडे रिगर आहे. म्हणजे उंचावर चढून लोखंडी तुळयांना साखळ्या बांधायच्या आणि खाली क्रेनवाल्याला हात दाखवायचा. या कामाला 'हाइट पास' लागतो. डोळे, बीपी, चक्कर, वजन सगळं तपासून मिळणारा उंचावर चढायचा परवाना. दर वर्षी नवा. आठ महिने घरी बसल्यावर त्याला ही नोकरी लागली होती. त्या आठ महिन्यांत तो कोणाच्या नजरेला नजर देत नसे, आणि नोकरी लागल्यावर वर्षभर तो शिट्टी वाजवत घरी यायचा.

त्या दिवशी शिट्टी न वाजवता आला.

"पास नाई दिला," तो म्हणाला.

"कावून?" आईने हातातलं लाटणं तसंच धरलं.

"सेफ्टी बेल्टवर शंभर किलो लिवलं आहे. मी एकशे तीन भरलो."

"तीन किलो?" बाबा खवळले. "तीन किलोचे तं तुहे बूटच असन!"

"बूट काढूनच मोजलं, बाबा. मोजेपण काढले."

सुपरवायजरने सांगितलं होतं की तीन आठवड्यांनी शनिवारी पुन्हा तपासणी. तोवर घरी बस. शंभरच्या आत आला तर चढायचं, नाही तर कुम्हारीचा एक पोरगा तयार उभा आहे, तो चढेल.

विकी पलंगावर बसला आणि पंख्याकडे बघत राहिला. आई रडायच्या बेतात. बाबा ठेकेदाराच्या सात पिढ्या उद्धरायच्या बेतात. आणि मी? मी उभी राहिले. एवढ्या वर्षांची माझी मोहीम, आणि प्रत्यक्ष माझ्या घरात एक पीडित तरुण!

"हा विकीचा दोष नाही," मी सुरुवात केली. "आजच्या तरुणाला जाणूनबुजून लठ्ठ..."

"सभा नोको घेऊ," बाबा म्हणाले. "काय करायचं ते सांग."

आता इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांची सगळी उमर भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये शिफ्ट करण्यात गेली. माझे देवराव मामा, आईचे थोरले भाऊ, भिलाई-३च्या यार्डात रेल्वेत. एकटेच असल्यामुळे ते आमच्या मागच्या खोलीत राहतात आणि स्वतःच्या स्टोव्हवर स्वतःचं शिजवतात. अशा घरात 'जरा लक्ष ठेवा' म्हटलं तर कोणी ढिम्म हलत नाही. पण 'ड्युटी' म्हटलं की सगळे चपला शोधायला लागतात! आई कुठे नोकरीला नाही, तरी तिचासुद्धा सकाळचा चहा 'लागतो' आणि दुपारची झोप 'सुटते'.

म्हणून मी विकीच्या तोंडावर तीन शिफ्टमध्ये पहारा बसवला.

ए शिफ्ट, सकाळी सहा ते अकरा: मामा. (त्या महिन्यात त्यांची यार्डाची ड्युटी दुपारची होती.) बी शिफ्ट, अकरा ते चार: आई. सी शिफ्ट, चार ते सात: बाबा. ते फर्स्ट शिफ्ट करून अडीचला येत, तासभर पडत आणि चारला चार्ज घेत. आई तेव्हा सेक्टरातल्या शिवणवर्गाला जाई. साडेसातला मी मोहिमेवरून परतले की रात्रीचा चार्ज माझा, आणि सातनंतर विकीच्या तोंडाला पूर्ण बंदी.

मग मी दिवसाचा आहाराचा चार्ट लिहिला. सकाळी वाटीभर पोहे. दुपारी दोन भाकरी, भाजी, वाटीभर वरण, काकडी. मधल्या वेळी मूठभर फुटाणे. संध्याकाळी ताटलीभर दलिया. साधा, शास्त्रशुद्ध, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केलेला. तीन प्रती काढल्या आणि तीन पाकिटांत घातल्या.

पाकिटं कशाला? कारण माझा घरच्यांवर विश्वास नव्हता! माझ्या तिसऱ्या पत्रकात ठळक अक्षरांत आहे की तरुणांच्या वजनवाढीचं मोठं कारण म्हणजे घरातली संगनमताची माया. आई म्हणते घे, बाप म्हणतो खाऊ दे, मामा म्हणतो वय आहे. हे तिघं एकत्र बोलले की संपलं. म्हणून मी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावलं आणि शपथ घातली.

"चार्टात लिहिलं ते सगळं द्यायचं. एक दाणा कमी नाही, एक दाणा जास्त नाही. आणि बाकीच्या दोघांशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही."

"तुह्या मायशीपण नाई?" बाबांनी विचारलं.

"तिच्याशी तर मुळीच नाही."

"हे बेस आहे," बाबा म्हणाले. ते इतके खूश मी क्वचित पाहिले होते.

विकीसाठीही एक नियम होता. पेशंटने प्रश्न विचारायचे नाहीत, समोर येईल ते मुकाट्याने खायचं.

"आन मले भूक नसन तं?" विकी म्हणाला.

"हा प्रश्न आहे का?"

"हाव."

"मग विचारू नको."

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. मी साडेसातला घरी यायचे तेव्हा विकी भिंतीकडे तोंड करून पडलेला. आम्ही जेवायला बसलो तरी तो पानाकडे बघायचासुद्धा नाही. आईने एकदा वांग्याची भाजी केली होती, त्याच्या जिवाची, तरी त्याने नाकावर चादर ओढली! मला भरून आलं. मनाचा निग्रह असावा तर असा. मी बाहेरच्या सभांतून त्याचं उदाहरण द्यायला लागले.

रविवारी वजन. आमच्याकडे काटा नाही, म्हणून रेशन दुकानात गेलो. तिथे तांदळाची पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दुकानदार भला माणूस, पण त्याला प्रत्येक आकडा रांगेला ओरडून सांगायची सवय.

"एक सौ चार, पाँच सौ!"

रांगेतली एक बाई म्हणाली, "इतना चावल किसको मिलता है?"

मी काटा पुन्हा शून्यावर आणायला लावला. विकीला खिशातला मोबाइल काढायला लावला. एकशे चार किलो, चारशे ग्रॅम. म्हणजे मोबाइल शंभर ग्रॅमचा आणि उरलेला सगळा माझा भाऊ.

"ताई, वाढलं नं?" विकीचा आवाज बारीक झाला होता.

"पाणी असेल," मी म्हणाले. पण माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागल्या. चार्ट चुकीचा असू शकत नाही. म्हणजे कोणीतरी बाहेरून खायला घालतंय!

संशयित नंबर एक: मनहरण भैया. आमच्या गल्लीच्या तोंडाशी करंजाच्या झाडाखाली त्याचा गुपचुपचा ठेला. (तुमच्याकडे पाणीपुरी म्हणत असतील, आमच्याकडे गुपचुप.) विकी तिथला जुना भक्त. पुरावा? पुराव्याची वाट बघत बसले असते तर चार पत्रकं निघाली असती का? मी त्या रात्रीच पाचवं लिहिलं, 'तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा शत्रू!' नाव घेतलं नव्हतं. पण गल्लीच्या तोंडाशी, करंजाखाली, संध्याकाळी पाच ते नऊ, निळी छत्री, एवढंच लिहिलं होतं.

मंगळवारी मनहरण भैया पत्रक हातात घेऊन आमच्या दारात उभा.

"दीदी, ये मोर बारे म लिखे हस का?"

"मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"नीला छाता तो मोरेच आय." त्याने कपाळाचा घाम पुसला. "तोर भाई तो मोर ठेला म आबेच नइ करय अब. मैं तो पूछने वाला रहेंव, तबियत ठीक हे न ओकर?"

विकी हल्ली येतच नाही, बरा आहे ना, असं विचारताना त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणाले, "तपास चालू आहे." तो पत्रकाची नीट घडी घालून, ते मलाच परत देऊन गेला. त्या आठवड्यात त्याच्या ठेल्यापुढे गर्दी निम्मी होती. मी रोज जाता-येता ती बघत होते आणि माझ्या शब्दांत केवढी ताकद आहे या तोऱ्यात चालत होते.

दुसऱ्या रविवारी रेशन दुकानात आम्हाला बघून रांग आपोआप बाजूला सरकली. लोक आता तेवढ्यासाठी थांबत होते.

"एक सौ छे!"

कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. विकी काट्यावरून उतरला आणि सरळ घराकडे चालायला लागला. मी मागून धावले. त्याचे डोळे भरले होते.

"सुपरवायजरचा फोन आला होता," तो न थांबता म्हणाला. "बोले, शनिवार को नहीं हुआ तो कुम्हारी वाला चढ़ेगा, बात खतम. ताई, मी पुन्हा घरी नाई बसू शकत. मागचे आठ महिने तुले आठवतात नं?"

मला आठवत होते. पण, माझं नेहमीचंच, जिथे भीती वाटायला हवी तिथे मला संताप आला.

घरी पोचताच मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. पुरावा या वेळी होता: ज्वारीच्या पिठाचा डबा! महिन्याचं पीठ पंधरा दिवसांत तळाला गेलं होतं.

"आई, खरं सांग. तू त्याला जास्तीचं घालतेस."

"मी?" आईचा चेहरा लालबुंद. "तुह्या त्या कागदावर आहे तेवढंच देतो मी! दाणा इकडचा तिकडे नाई. उलट मीच तुले विचारणार होती..."

"काय?"

"तू बाहेरून येऊन लपून भाकरी खाऊन राहिली काय म्हणून."

"मी!"

"मंग पीठ जाते कुठी? अन तुहा चेहरापण भरला आहे जरासा."

(हा घाव मी आजही विसरलेले नाही.)

आवाज ऐकून बाबा आले. बाबांची पँट कमरेला दोरीने बांधलेली होती. बाबा वाळत चालले होते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, पण तो तपासाचा विषय नव्हता. बाबा म्हणाले, "पोरी, मायवर आळ घेतं?" मी म्हणाले, "मी कोणालाही सोडणार नाही." आई म्हणाली, "मंग तूच रांध." मागच्या खोलीतून मामा म्हणाले, "माह्या शिफ्टमध्ये सब ओके आहे, रिपोर्ट लिहून देतो!" त्यानंतर तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ड्युट्या मात्र चालू होत्या. मामा अकराला खोलीतून बाहेर पडत, आई आत शिरे, दोघं एकमेकांकडे न बघता मान हलवत आणि चार्ज बदले.

गुरुवार उजाडला. मधे एक दिवस.

मी जाहीर केलं की आज कुम्हारीला मोठा कार्यक्रम आहे, उशीर होईल. पिशवी खांद्याला लावली, समोरच्या दाराने बाहेर पडले, मागच्या गल्लीने आत आले आणि व्हरांड्यातल्या बंद पडलेल्या कूलरच्या मागे, जुन्या चादरीखाली जाऊन बसले. तिथून खिडकीतून खोली पूर्ण दिसते. सोबत वही, पेन, पाण्याची बाटली. घाईत खायला काही घ्यायचं राहिलं.

साडेसहा. मामा आत आले. रेल्वेचा माणूस, खांद्यावर टॉवेल झेंड्यासारखा. त्यांनी भिंतीवर स्वतःची प्रत टेकवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पोहे, एक वाटी. सुरू कर."

विकीने खाल्ले. मी वहीत लिहिलं: 'बरोबर.'

आठ वाजता मामांचं बोट दुसऱ्या ओळीवर. "भाकरी दोन, भाजी, वरण, काकडी."

मी वहीत लिहिलं: 'हे काय?'

"मामा, आत्ता तं पोहे..." विकी म्हणाला.

"सवाल नाई. कागदात लिवलं आहे. अकराच्या आत चार आयटम क्लिअर करून मले लाइन मोकळी द्यायची आहे. मागून तुही माय अन तुहा बाप. ते दोघं तुले काही देत असन असं मले वाटत नाई. तिले शिवणाचं पडलं आहे, त्याले झोपेचं. म्हणून मीच पूर्ण करतो. खा बाबू."

साडेनऊला फुटाणे. पावणेअकराला दलिया! विकी घास घोळवत होता आणि मामा मनगटावरचं घड्याळ बघत होते. मला चादर फेकून बाहेर यायचं होतं. पण मी शिस्तीची. पुरावा पूर्ण हवा. गुन्हेगार सापडला होता: मामा!

अकराला आई आली. तिने पदर खोचला, विकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कपाटातून लॅमिनेट केलेला कागद काढला.

"पोहे आणले बाळा. त्या दोघा बापयांनी तुले उपाशीच ठेवलं असन, मले माहीत आहे."

माझ्या हातातलं पेन पडलं.

पोहे गेले. मग भाकरी, गरमागरम, आणि आईच्या वरणाला लसणाची फोडणी. तो वास खिडकीतून सरळ कूलरच्या मागे येत होता. मी सकाळपासून उपाशी, पाठीला मुंग्या, डास माझ्यावर पंगतीला बसलेले, आणि डोळ्यांसमोर माझा भाऊ भूक नसताना सगळं खातोय! दीडला फुटाणे. साडेतीनला दलिया. विकी आता खात नव्हता, भरत होता. पोत्यात भरतात तसा.

चारला बाबा. तोवर मला काय होणार ते कळलं होतं, तरी माणूस आशा सोडत नाही. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला, अक्षरन् अक्षर वाचला आणि स्वयंपाकघरातून पोहे आणले.

"बाबा, तुमी खा नं," विकी काकुळतीला आला होता.

"मी कसा खाऊ? तुही माय घरातलं मोजून ठेवते. तुहा चार्ट पुरा झाला पाहिजे म्हणून मी आपला वाटा त्यात घालतो." बाबांनी ताट त्याच्यापुढे सरकवलं. "नोकरी तुही राहिली पाहिजे बेटा. माहं काय, मी रिटायर व्हाले आलो."

ते ऐकलं आणि मला हसू की रडू कळेना. विकी बाबांकडे बघत भाकरी मोडत होता.

सात वाजायला दहा मिनिटं असताना, दलियाच्या तिसऱ्या ताटलीवर, मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून उठले ती कूलरसकट खिडकीवर पडले.

"चोर!" बाबा ओरडले. मामांची त्या दिवशी सुट्टी होती, ते मागून कंदील-झेंडा घेऊन धावत आले. शिवणवर्गावरून परतलेली आई फाटकातच किंचाळली. चादर बाजूला झाली आणि आत मी.

"कुम्हारीचा कार्यक्रम झाला काय?" मामांनी विचारलं.

"सगळे बसा," मी म्हणाले. "आणि आपापले कागद काढा."

तीन कागद सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवले गेले. एकाच दिवसाचे. एकाच हस्ताक्षरात. खाली एकच सही. माझी.

आईने तिन्ही कागदांवरून बोट फिरवलं. मग ती बाबांकडे वळली.

"म्हणजे तुमीपण पोहे देऊन राहिले?"

"अन तूपण?"

"अन भाऊ, तू सकाळी सकाळी भाकरी?"

"ऑर्डर होती, म्हणून पीठ तुह्याच डब्यातलं घेत होतो," मामा म्हणाले. "प्लांटात शिफ्ट सुटताना एकमेकाले सांगतात नं, काय झालं, काय राहिलं? रेल्वेतपण सांगतात. इथं म्याडमनी बोलूच दिलं नाई!"

चौघांची नजर माझ्याकडे. मी विकीकडे वळले, कारण अजून एक माणूस दोषी ठरायचा शिल्लक होता.

"आणि तू? तुला कळत नव्हतं? दिवसातून बारा वेळा खातोस ते?"

विकीने शांतपणे तोंड पुसलं.

"मले वाटलं असंच असते डायट. थोडं थोडं, वारंवार. मोबाइलवर बी तसंच सांगतात. अन तूच बोलली होती, सवाल नोको विचारू." मग तो हळूच म्हणाला, "माह्या जिवाले वाटे, एवढे सगळे माह्यासाठी मेहनत करून राहिले, तं मी निदान खाल्लं तरी पाहिजे."

शुक्रवारी मी एक तातडीची योजना मांडायला तोंड उघडलं. धावणं, घाम काढणं, मीठ बंद. चौघांनी एकदम हात जोडले. म्हणून मी मनहरण भैयाकडे गेले. भर गर्दीत (म्हणजे जी काही मी उरवली होती तीत) त्याची माफी मागितली, पत्रक मागे घेतलं आणि सर्वांसमोर गुपचुपच्या दोन प्लेट खाल्ल्या. त्याने तिसरी आपणहून दिली. "भाई कइसे हे?" एवढंच विचारलं.

शनिवारी विकीबरोबर मी गेले. त्याने नको म्हटलं होतं, पण बाबा म्हणाले, "जाऊ दे तिले. बिघाड जिचा, हजर तीच पाहिजे."

ठेकेदाराचा डॉक्टर वयस्क, चष्म्यावरून बघणारा. डोळे ठीक. चक्कर नाही. बीपी जरा वर. मग काटा. मी डोळे मिटले.

"एकशे सात," डॉक्टर म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी एकशे तीन होतं. काय रे, डायट केलं नाही?"

"केलं नं सर. रोज तीनदा केलं."

"कोणी सांगितलं होतं?"

विकीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं.

"डायटवाली बदल," डॉक्टर म्हणाला.

"नाई बदलता येत सर. सख्खी बहीण आहे."

फॉर्मवर शिक्का पडला: 'तूर्त अपात्र. एक महिन्याने यावे.' बाहेर सुपरवायजर उभा होता आणि त्याच्या शेजारी एक सडपातळ पोरगा, हातात नवं हेल्मेट. कुम्हारीचा. विकीने फॉर्म पुढे केला आणि खाली बघत राहिला. ते बघवेना. मी आयुष्यात शेकडो लोकांना त्यांच्या चुका सांगितल्या आहेत, पण स्वतःची सांगायचा प्रसंग आला नव्हता. सुरुवात कशी करायची तेच कळेना. शेवटी सगळं सांगून टाकलं. पाकिटं, शपथा, पोहे, कूलर. हिंदीत, मराठीत, जमेल तसं.

"गलती इसकी नहीं, मेरी है," मी म्हणाले. "एक महिना रुक जाइए."

सुपरवायजर आधी ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग त्याने भिंतीला हात लावला.

"मैडम," तो डोळे पुसत म्हणाला, "मेरे यहाँ तीन शिफ्ट मिलकर एक काम पूरा नहीं करतीं. आपने एक ही काम तीनों शिफ्ट में पूरा करवा लिया, वो भी बिना लॉगबुक! आप मेरे यहाँ शिफ्ट इंचार्ज बन जाइए."

मग तो विकीकडे वळला. "एक महीना नीचे रहेगा. स्लिंग उठाएगा, सिग्नल देगा. ऊपर ये चढ़ेगा. उसके बाद देखेंगे." आणि जाता जाता: "दीदी को काम की जगह पर मत लाना."

त्या महिन्यात विकीने दिवसभर खाली लोखंडी दोर ओढले, बाइक मामांना दिली, सायकल परत घेतली आणि आईच्या हातचं दिवसातून दोनदा, भूक लागली तर, खाल्लं. घरच्यांनी मला महिनाभर रायपूरला मावशीकडे पाठवलं. 'मोहिमेसाठी,' असं सगळ्यांना सांगितलं. परत आले तेव्हा मला कळलं की दोन दिवसांपूर्वीच विकी अठ्ठ्याण्णव भरला, पास मिळाला, आणि तो वर चढलासुद्धा.

"मला फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"केला असता तं तू त्याच्यावर पत्रक काढलं असतं."

किती हा अविश्वास! सख्ख्या भावाचा! मी पिशवीतून पेन काढलं. पत्रकाचा मजकूर रायपूरलाच लिहून तयार होता, फक्त वजनाचा आकडा भरायचा राहिला होता.